नसीमची शिल्लक

साताऱ्याच्या फाळके कॉलेजच्या जुन्या इमारती एकेक करून पाडल्या गेल्या, तिथं नव्या उभ्या राहिल्या, पण जिमखान्याच्या पायऱ्यांवरचा वाद काही पडला नाही. कॉलेजच्या इतिहासातला सगळ्यांत मोठा खेळाडू कोण, एवढाच तो वाद. दर रविवारी सकाळी माजी खेळाडू चालायला म्हणून मैदानावर यायचे, दोन-चार फेऱ्या मारायचे आणि मग पायऱ्यांवर बसून मनसोक्त भांडायचे. वय वाढलं तशा फेऱ्या कमी होत गेल्या, भांडण मात्र होतं तेवढंच राहिलं.

बर्गेअण्णांचा उमेदवार ठरलेला असायचा. अण्णा स्वतः कबड्डीतले, पण त्यांच्या वेळी विष्णू लोहार नावाचा मुलगा बांबूच्या काठीनं उंच उडी मारायचा. पलीकडे गादी नसायची, वाळूचा खड्डा असायचा.

"तुमच्या आजच्या पोरांना द्या म्हणावं तो बांबू," अण्णा म्हणायचे. "कुंपण तरी ओलांडतात का बघू."

बाकीचे बहुतेक सगळे मालन शिर्केच्या बाजूचे. मालन आता सत्तरीची, पोलीस खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झालेली. आठशे मीटरचा तिचा कॉलेजातला विक्रम पोरींनी कितीतरी वर्षं प्रयत्न करूनही मोडला नव्हता. ती स्वतः पायऱ्यांवरच बसलेली असायची आणि 'माझं कशाला' म्हणत म्हणत कोल्हापूरची ती शर्यत पुन्हा एकदा सांगायची. विद्यापीठाच्या स्पर्धा, लाल मातीचा ट्रॅक, शेवटचं वळण, पुढे नसीम मुजावर, आणि मग सरळ पट्ट्यात मालननं तिला कसं गाठलं आणि मागं टाकलं.

ती नसीम मुजावर तिच्या शेजारीच शेंगा सोलत बसलेली असायची. ती जनावरांची डॉक्टर. वयाच्या सत्तराव्या वर्षीही गावोगाव फिरून म्हशी तपासायची. तिला कुणी विचारलं, तुझं मत काय, तर ती एकच शब्द बोलायची. "मालन." आणि दाणे पुढं करायची.

कॉलेजचं शतक भरलं तेव्हा नवा सिंथेटिक ट्रॅक तयार झाला आणि त्याला सर्वश्रेष्ठ खेळाडूचं नाव द्यायचं ठरलं. आता वाद पायऱ्यांवर ठेवून भागणार नव्हतं. शताब्दी समितीच्या बैठकीत अण्णा टेबलावर हात आपटून बोलले, प्राचार्यांनी पाण्याचा पेला उचलून बाजूला ठेवला आणि शेवटी असं ठरलं की पुण्याहून 'मागोवा' मागवायचा.

मागोवा ही यंत्रणा घेऊन आली चारुलता ओगले. पस्तिशीची, बारीक चणीची, खेळाच्या विज्ञानात डॉक्टरेट केलेली. तिनं पहिल्याच दिवशी सगळ्यांना जिमखान्याच्या हॉलमध्ये बसवून समजावून सांगितलं.

"माणसाचा गुडघा एकाच दिशेला वाकतो," ती म्हणाली. "मांडीचं हाड किती लांब आहे ते कळलं की पाऊल कुठं पडू शकतं आणि कुठं पडूच शकत नाही, हे गणितानं सांगता येतं. त्यामुळं जुनी, अंधुक फिल्म असली तरी मागोवा दोन चित्रांच्या मधली हालचाल भरून काढतो. हाडं आणि सांधे बसले की त्यावर स्नायू चढवतो. मग त्या स्नायूंना किती जोर लावावा लागला असेल ते मोजतो. एकदा खेळाडूचं असं शरीर तयार झालं की जमीन बदला, बूट बदला, काठी बदला. तोच माणूस आजच्या मैदानावर काय करील ते समोर दिसतं."

विष्णू लोहारची फिल्म अशी नव्हतीच. एका स्नेहसंमेलनात कुणीतरी काढलेले फोटो तेवढे होते, एकाच उडीचे, पाठोपाठ घेतलेले. मागोव्यानं त्यातून उडी उभी केली आणि मग लोहारच्या हातात बांबूऐवजी आजची लवचिक काठी दिली. पडद्यावरचा तो हडकुळा मुलगा धावत आला, काठी वाकली, सरळ झाली, आणि तो आडव्या दांडीच्या इतका वर गेला की बघणाऱ्यांच्या माना मागं गेल्या. बर्गेअण्णांनी चष्मा काढून पुसला.

"हे बघायला विष्णू हवा होता," ते म्हणाले.

आता राहिली मालन. तिची फिल्म होती, आणि चांगली होती. तिचा मामा लग्नांचं शूटिंग करायचा. त्या दिवशी तो भाचीसाठी कॅमेरा घेऊन कोल्हापूरला गेला होता. लग्नाची सवय असल्यामुळं त्यानं मधे मधे पाहुण्यांवर कॅमेरा फिरवला होता, पण शेवटची फेरी मात्र एकदाही न हलता टिपली होती. ती व्हिडिओ कॅसेट मालननं जिवापाड जपली होती. मालन आणि नसीम या दोघींनीही मापनाला संमती दिली. नियम असा होता की निकाल आधी ज्यांचा त्यांना दाखवायचा, आणि त्यांची हरकत असेल तर तो पुसून टाकायचा.

चारुलतानं दोघींना एकाच वेळी बोलावलं होतं. नसीमला ऐन वेळी लिंब गावात एका अडलेल्या म्हशीसाठी जावं लागलं. मालन एकटीच आली.

"मॅडम, नसीम मॅडम आल्या की दाखवते," चारुलता म्हणाली.

"का? काय आहे असं?"

"तसं काही नाही. दोघींना एकदमच दाखवावं असं मला वाटतं."

मालननं उभी हयात माणसांची तोंडं वाचण्यात घालवली होती. खुर्ची ओढून ती बसली. "चारुलता, माझी कॅसेट आहे. लाव."

पडद्यावर दोन मुली धावत होत्या. कातडी, कपडे काही नाही, नुसती निळसर स्नायूंची शरीरं. तरी मालननं दोघींना लगेच ओळखलं. शेवटचं वळण संपलं, निळी मालन पुढं झाली, रेषा ओलांडली. खाली दोन आकडे उमटले. मालनच्या नावापुढं जवळजवळ शून्य. नसीमच्या नावापुढं तसं नव्हतं.

"हे काय?"

"याला आम्ही शिल्लक म्हणतो," चारुलता हळू आवाजात म्हणाली. "थकलेल्या शरीराची काही लक्षणं असतात. पाऊल जमिनीवर जास्त वेळ टेकून राहतं. कंबर खाली बसते. हात छातीसमोर आडवे यायला लागतात. दमून वेग कमी झाला की ही लक्षणं दिसतातच, ती माणसाला लपवता येत नाहीत आणि त्यांचं सोंगही आणता येत नाही. तुमच्यात ती सगळी आहेत. तुमच्या अंगात त्या क्षणी काहीही उरलेलं नव्हतं. नसीम मॅडमचा वेग सरळ पट्ट्यात कमी झाला, पण लक्षण एकही नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे त्यांनी वेग स्वतःहून कमी केला. पूर्ण जोर लावला असता तर..." तिनं वाक्य सोडून दिलं. "मागोव्याच्या हिशेबानं कॉलेजच्या सगळ्या खेळाडूंत त्यांची क्षमता सर्वांत जास्त येते. लोहारांपेक्षाही."

मालन पडद्याकडे बघत राहिली. तरुणपणी कोरेगावात जमावाला एकटीनं सामोरं जायची पाळी आली होती, तेव्हा ती मनात म्हणाली होती, मी नसीम मुजावरला हरवलंय, हे काय अवघड आहे. बदली झाली तेव्हा, नवरा गेला तेव्हा, बढतीच्या वेळी वरिष्ठांनी डावललं तेव्हा, प्रत्येक वेळी ती त्या सरळ पट्ट्यावर परत गेली होती.

"हे कुणाला सांगितलंस?"

"कुणालाच नाही. सांगणारही नाही, तुम्ही दोघींनी हो म्हटल्याशिवाय. मागच्या वर्षी एका गावात आम्ही खो-खोचा अंतिम सामना मोजला. एका भावानं दुसऱ्याला मुद्दाम सुटू दिलं होतं असं निघालं. दोघं साठीचे. आता एकमेकांच्या दारात जात नाहीत. तेव्हापासून मला या आकड्याची भीती वाटते, मॅडम."

मालन तिथून थेट लिंबला गेली. चालकाविना चालणारी गाडी तिनं रस्त्यावरच थांबवली आणि गोठ्यापर्यंत चालत गेली. म्हैस व्यायली होती. रेडकू ओलं, थरथरत उभं राहायची धडपड करत होतं, आणि नसीम बादलीत कोपरापर्यंत हात धूत होती.

"आलीस? मशीन काय म्हणालं?"

"शेवटच्या वळणानंतर तू सोडून दिलंस असं म्हणालं."

नसीमनं हात धुणं थांबवलं नाही. साबण लावला, पाणी ओतलं, पदराला हात पुसले. मग गोठ्याच्या कट्ट्यावर बसली.

"चांगलंच हुशार आहे की मशीन."

"नसीम, खरं सांग. माझी दया आली होती? माझ्या घरची परिस्थिती बघून?"

नसीम हसली. "तुझ्यासाठी कशाला हरीन मी? तू मला तेव्हा आवडत पण नव्हतीस. अब्बांनी मला जोडीला पोरगी पाहिजे म्हणून तुला आणलं, आणि त्या दिवसापासून घरात तुझंच कौतुक. मालन बघ कशी घाट चढते, मालन बघ कशी वेळेवर येते. मला तुझा राग यायचा."

नसीमचे अब्बा, इस्माईलचाचा, एसटीचे ड्रायव्हर होते. ड्यूटीवर जायच्या आधी पहाटे शिट्टी घेऊन ते दोघींना यवतेश्वरच्या घाटात पळवायचे. स्वतः सायकलवरून मागं यायचे.

"मग का?" मालननं विचारलं.

"जिंकले असते तर राष्ट्रीय शिबिराला पाठवलं असतं. दोन वर्षं पतियाळाला. आणि मला पशुवैद्यकीयला प्रवेश मिळत होता. मला जनावरांत राहायचं होतं ग. धावणं अब्बांचं होतं, माझं नव्हतं. ते इतक्या हौसेनं करायचे की त्यांना नाही म्हणायची ताकद माझ्यात नव्हती. हरायची होती."

म्हशीनं मान वळवून रेडकाला चाटायला सुरुवात केली. मालनच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण आवाज चढा होता.

"पन्नास वर्षं मी ती शर्यत सांगत आले. तू शेजारी बसून ऐकत होतीस."

"छान सांगतेस तू."

"थट्टा नको करू."

"थट्टा नाही. मला खरंच आवडतं ऐकायला." नसीमनं तिचा हात धरून तिला शेजारी बसवलं. "पहिली दोन-चार वर्षं सांगावंसं वाटलं. मग तू फौजदार झालीस, मी डॉक्टर झाले, आपली मैत्री झाली. मग सांगून करायचं काय? हे बघ मालन, त्या आकड्याचं मात्र बाहेर काही जाऊ देऊ नकोस. अब्बा जाईपर्यंत सांगायचे, माझी पोरगी जीव तोडून धावली, पण मालन तिच्याहून भारी निघाली. त्यात त्यांना दोघींचाही अभिमान होता. त्यांचं ते बोलणं मला खोटं पाडायचं नाही. आणि माझ्या अंगात काय उरलं होतं ते माझं आहे. मी वापरलं नाही, तो माझा प्रश्न."

"आणि मी काय करू?"

"काही नाही. ट्रॅकला नाव लावून घे आणि आम्हाला पेढे दे."

मालन घरी गेली. दोन दिवस ती पायऱ्यांकडे फिरकली नाही. तिला राग आला होता, पण तो कुणावर काढावा हे कळत नव्हतं. नसीमनं तिला फसवलं होतं म्हणावं, तर नसीमनं तिला कधी काही दिलंच नव्हतं. मालन आपली पूर्ण ताकदीनं धावली होती. मशीननंच तसं सांगितलं होतं. फक्त ज्या शर्यतीत ती नसीमला हरवत होती असं तिला वाटत होतं, त्या शर्यतीतून नसीम आधीच बाहेर पडली होती.

तिसऱ्या दिवशी तिनं चारुलताला फोन केला. "ती शर्यत पूर्ण पुसून टाक. नसीमचा आकडा, माझा आकडा, सगळं."

"मॅडम, नुसती शिल्लक पुसता येईल. तुमची धाव ठेवली तर तुम्ही लोहारांच्या पुढं येता. ती पुसली तर तुमच्या नावावर फक्त कागदावरच्या वेळा राहतात. मग लोहारच पहिले येतील."

"येऊ देत."

समितीच्या बैठकीत मालननं एवढंच सांगितलं की आपण आपली कॅसेट मागं घेतली आहे. कारण विचारल्यावर ती म्हणाली, वैयक्तिक आहे. प्राचार्यांनी दोनदा विचारलं, तिनं दोनदा तेच उत्तर दिलं. मात्र मागोव्याबद्दल तिनं एक सूचना मांडली: जिवंत खेळाडूची शिल्लक त्यानं स्वतः मागितल्याशिवाय मोजू नये. चारुलतानं लगेच पाठिंबा दिला आणि पुढं पुण्याच्या प्रयोगशाळेनंही तो नियम केला. ट्रॅकला विष्णू लोहारचं नाव लागलं. लोहारची मुलगी आली, फीत कापली, रडली. सगळ्यांत जास्त टाळ्या मालननं वाजवल्या.

बर्गेअण्णा पहिला आठवडा हवेत होते. मग त्यांना चैन पडेना.

"असं जिंकण्यात काय मजा आहे?" ते पायऱ्यांवर करवादले. "तू भांडलीच नाहीस, मालन. पन्नास वर्षं भांडलीस आणि ऐन वेळी पाठ फिरवलीस. मला कारण कळलं पाहिजे."

त्या दिवशी नसीमनं शेंगा सोलल्या नाहीत. सगळे उठून गेल्यावर ती मालनकडे वळली.

"मी काय तुला नाव सोडायला सांगितलं होतं?"

"नाही सांगितलंस."

"मग?"

"मला ते घालता येईना, नसीम. अंगाला होईना. दुसऱ्याच्या मापाचं झंपर घातल्यासारखं वाटायला लागलं."

"मापाचं होतं ते तुझ्या. तू मूर्ख आहेस." नसीम चिडलेली होती, आणि नसीम चिडली की तिचा आवाज अगदी खाली यायचा. "मशीनमध्ये माझी शिल्लक तेवढी बघितलीस. तुझं शून्य नाही बघितलंस? मी मागून बघत होते. तू रेषा ओलांडलीस आणि पाय तुझे नसल्यासारखी पडलीस. अब्बा धावत आले ते आधी तुझ्याकडे, मग माझ्याकडे. मी उभी होते. मला धापसुद्धा नीट लागलेली नव्हती. तेव्हा सुटका झाली म्हणून बरं वाटलं. पण नंतर कधी कधी वाटायचं, तसं पडल्यावर काय वाटत असेल?"

"कधी विचारलं नाहीस."

"विचारून काय कळणार?"

मालननं ट्रॅककडे बघितलं. निळ्या पट्ट्यावर पोरं सराव करत होती. तिच्या दोन्ही गुडघ्यांच्या वाट्या बदललेल्या होत्या. तिचं धावणं संपलं होतं. पण म्हशींच्या मागं गावोगाव हिंडून नसीमचे पाय अजून टणक होते.

"बालेवाडीला ज्येष्ठांच्या स्पर्धा असतात," मालन म्हणाली. "सत्तरीच्या वरच्यांचा गट आहे. आठशे मीटर आहे त्यात."

"तुझं डोकं फिरलंय."

"उद्या सहाला ये. शिट्टी मी आणते."

नसीम आली. पहिल्या दिवशी तिला धड एक फेरी पूर्ण करता आली नाही आणि तिनं मालनला दोन शिव्या दिल्या. पंधरवड्यात ती दोन फेऱ्या करू लागली. पावसाळाभर मालन छत्री घेऊन कडेला उभी राहिली. तिनं नसीमचं खाणं बदललं, तिच्या डॉक्टरांना भेटून हृदयाच्या सगळ्या तपासण्या करून घेतल्या, आणि लांबच्या गावांना जायचं असेल तर तिच्या बरोबर गाडीत बसून गेली, म्हणजे परतताना तिला झोपता यावं. पुढं बर्गेअण्णाही खुर्ची टाकून बसायला लागले. आपण नक्की काय बघतोय हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, पण दोन बायका सत्तरीत पुन्हा भांडायला लागल्या आहेत एवढ्यावर ते खूश होते.

"हात खाली," मालन ओरडायची.

"खालीच आहेत."

"मानेपर्यंत आलेत. घाण्याला जुंपल्यासारखी काय पळतेस?"

"मी बैल तपासते, बैल नाही मी," नसीम पळता पळता म्हणायची, आणि मालन म्हणायची, बोलायला दम आहे म्हणजे धावायलाही आहे, अजून एक.

स्पर्धा थंडीत होती. सकाळचं कोवळं ऊन, अर्धं रिकामं स्टेडियम. सत्तरीवरच्या गटात सहा बायका होत्या. कडेला मागोव्याचे कॅमेरे होते, पण चारुलतानं ते तपासून बंद असल्याची खात्री करून घेतली आणि येऊन मालनशेजारी कठड्याला टेकून उभी राहिली.

पहिली फेरी नसीमनं ठरल्याप्रमाणे काढली, तिसऱ्या क्रमांकावर. दुसऱ्या फेरीत पुढच्या दोघी लांब निघून गेल्या आणि मागची एक नाशिकची बाई तिच्या खांद्याशी आली. शेवटच्या वळणावर नसीमचा चेहरा मालनला स्पष्ट दिसला. दम संपत आला होता. आता ती वेग कमी करू शकत होती, आणि कुणीही तिला काही म्हटलं नसतं.

मालननं ओरडायला तोंड उघडलं, पण तिच्याकडून ओरडलंच गेलं नाही. हे नसीमचं होतं.

नसीमनं वेग कमी केला नाही. तिचे हात छातीसमोर आडवे यायला लागले, कंबर खाली बसली, पावलं जमिनीला चिकटायला लागली. तरी ती पुढं सरकत राहिली. नाशिकच्या बाईनं तिला शेवटच्या काही पावलांत गाठलं. नसीम चौथी आली, रेषा ओलांडली आणि तशीच पुढं जाऊन आतल्या हिरवळीवर आडवी झाली.

स्पर्धेचे डॉक्टर आले, नाडी बघितली, ठीक आहे म्हणाले. मालन हळूहळू, गुडघे सांभाळत तिच्याशेजारी गवतात बसली. नसीमचे डोळे मिटलेले होते. छाती भात्यासारखी हलत होती, हात गवतावर पसरलेले होते आणि बोटं थरथरत होती. मालननं तिचं डोकं आपल्या मांडीवर घेतलं आणि ओल्या रुमालानं तोंड पुसलं.

बऱ्याच वेळानं नसीमला शब्द फुटला.

"असं असतं होय हे?"

"असंच."

"तुला दर वेळी व्हायचं?"

"दर वेळी."

नसीमनं डोळे उघडले, वर आकाशाकडे बघितलं, मग मालनकडे.

"बरं झालं बाई," ती म्हणाली, "मी म्हशींकडे गेले."